आकड्यावरची रेघ

त्या माणसानं आकडा डोळ्यांजवळ नेला, भिंग लावलं आणि श्वास घ्यायचं विसरल्यासारखा बसून राहिला. मी बाळंतिणीच्या खोलीच्या झरोक्यातून त्याच्याकडं बघत होते. मांडीवर पोर चुटुचुटु पीत होतं. बाहेर पडवीत घोंगड्यावर आमचा पाळणा सुटा करून मांडला होता. लाखेच्या रंगाचे घोटीव दांडे, पितळेच्या साखळ्या, साखळ्यांच्या कड्यांवर बसलेले पोपट, आणि ह्या सगळ्यांचा भार एकट्यानं पेलणारा लोखंडी आकडा.

"एवढं काय बगताय त्यात?" मी विचारलंच.

बाळंतिणीनं परक्या पुरुषाशी बोलायची पद्धत नव्हती. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विहिरीवर गेल्या होत्या, आणि त्या अंधाऱ्या खोलीत शेक-शेगडीच्या धुरात पडून पडून माझं तोंड आंबलं होतं.

तो दचकला. मग हसला. "आधी बघायचं, वहिनी, मग काढायचं. आमच्या कामात निम्मा वेळ बघण्यातच जातो."

"त्यापरीस फोटू काढायचा की. एका मिंटाचं काम."

"फोटोत जिथं सावली पडते तिथलं सगळं बुडून जातं. आणि हा लाखेचा तांबडा रंग फोटोत कुठला यायला? वस्तूचा कण न् कण काढतो आम्ही. लाकूड कुठं झिजलंय, कुठल्या पोपटाची चोच मोडलीय, सगळं जसंच्या तसं."

"मोडकी चोच बी काढणार? जरा नीट करून काढा की. आमचीच अब्रू जाईल."

"नसलेलं काढायचं नाही आणि असलेलं सोडायचं नाही," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात एवढी एकच सक्ती आहे."

तेवढ्यात आत्याबाईंच्या घागरीचा आवाज आला आणि मी झरोक्यावरून बाजूला झाले.

त्याचं नाव वामन माजगावकर. मुंबईच्या कुठल्याशा संग्रहालयानं त्याला आमच्या आजरा भागात धाडलं होतं. फार मागं, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत म्हणे सरकारनं रिकाम्या बसलेल्या चित्रकारांना पोटाला लावलं होतं. लोकांच्या घरातल्या जुन्या गोधड्या, बाहुल्या, मडकी, पेट्या असं काय काय त्यांनी हुबेहूब रंगवून ठेवलं. ते संग्रहालयातल्या कुणा साहेबांच्या वाचनात आलं आणि आपल्याकडंही असं व्हावं असं त्यांनी मनावर घेतलं. म्हणून हा माजगावकर सायकलला रंगांची पेटी बांधून गावोगाव हिंडत होता. कुणाचा अडकित्ता काढ, कुणाची समई काढ, कुणाचा कुंकवाचा करंडा काढ. शेजारच्या गावात आमच्या पाळण्याची कीर्ती ऐकली आणि आला.

पाळणा होताही तसाच. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडलांनी तो सावंतवाडीहून बैलगाडीत घालून घाट चढवून आणलेला. घरातलं प्रत्येक पोर त्यात वाढलेलं. माझा नवराही.

फक्त माझं पहिलं पोर त्यात निजलं नाही. ते माहेरी झालं आणि नाव ठेवायच्या आतच गेलं. पाळणा माळ्यावरून खाली काढायची वेळच आली नाही. म्हणून ह्या खेपेला आत्याबाईंनी मला माहेरी धाडलं नव्हतं. त्यांना माझ्या माहेरच्या हवेचा राग होता, मला कशाचाही राग नव्हता, नुसती भीती होती. ह्याला शिंक आली की मी दुपटं आणखी आवळायची. हा जरा जास्त वेळ गाढ झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरायची. ह्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, पण बोटाला लागणारा तो कोमट श्वास अजून मला आठवतो.

चित्र पुरं झालं ते बारशाच्या आदल्या दिवशी. आत्याबाईंनी कौतुकानं आळीतल्या दोन-चार बायका बोलावल्या. मी झरोक्याला डोळा लावून उभी. माजगावकरानं कागद फळीवर टेकवून ठेवला आणि बायका पुढं सरकल्या. पाळणा घोंगड्यावरही होता आणि कागदावरही. कुणी तरी म्हणालं, "पोपाट आता उडतोय बगा." माझा नवरा दौलतराव, फार न बोलणारा माणूस, तोसुद्धा दोनदा "वा" म्हणाला.

आत्याबाई मात्र वाकून वाकून बघत होत्या. त्यांची नजर भारी तीक्ष्ण. बघता बघता त्या आकड्यापाशी थांबल्या. चित्रात आकडा बाजूला वेगळा काढला होता, मोठा, वळणासकट.

"मास्तर, ही रेघ कसली?"

"चीर आहे ती, मावशी. वळणाच्या आतल्या अंगाला."

"आमच्या आकड्याला?"

"हो. बारीक आहे, पण आहे. लोहाराला एकदा दाखवून घ्या."

उद्या ज्या पाळण्यात बिननावाचं पोर घालायचं त्याला चीर आहे, असं परक्या माणसानं चार बायकांदेखत म्हणावं, आणि तेही ज्या घरातलं एक पोर आधीच गेलंय तिथं. मी पोराला छातीशी ओढलं.

आत्याबाई तरातरा आत गेल्या आणि आकडा घेऊन आल्या. त्याच सकाळी त्यांनी तो खोबरेल आणि काजळी चोळून लख्ख काळा केला होता. पाळणा टांगायच्या आधी लोखंडाला असं माखायची आमच्याकडं रीत.

"दाव. कुटं हाय चीर?"

माजगावकरानं भिंग लावलं. आकडा उजेडात फिरवला. शर्टाच्या टोकानं पुसला, पण ती काजळी अशी थोडीच निघते! "काजळीनं बुजलीय, मावशी. काल दिसत होती."

"काल हुती आन् आज न्हाई! मग तूच आणलीस आन् तूच नेलीस म्हण की." आत्याबाईंचा आवाज चढला. "पुस ती रेघ."

"ते नाही करता येत मला."

"मग ह्यो कागूद उंबऱ्याभाईर जायाचा न्हाई. चुलीत घालीन, पर असलं अवलक्षण माझ्या नातवाच्या मागं लावून तुला जाऊ द्यायची न्हाई."

माजगावकरानं दौलतरावांकडं बघितलं. ते बिचारे खाली बघत म्हणाले, "पुसा की मास्तर. एक रेघ तर हाय."

त्यानं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यानं कुंचला पाण्यात बुडवला. ओल्या टोकानं रेघ उचलली, पात्यानं कागद हलकेच खरवडला, वर काळा रंग भरला. मी त्याचा हात बघत होते. पोपटाचं पीसन् पीस काढताना जो हात एकदाही हलला नव्हता, तो हात थरथर कापत होता.

आत्याबाईंनी वाकून बघितलं आणि "हां," म्हणाल्या. बायकांनी सुस्कारे सोडले. कुणीतरी चहा टाकला. माजगावकर चहा न घेताच सायकलला पेटी बांधू लागला. निघताना तो झरोक्यासमोर थांबला. काही तरी बोलणार होता. पण आत्याबाई कमरेवर हात देऊन उभ्याच होत्या. त्यानं नुसतं माझ्या हातातल्या पोराकडं बघितलं आणि गेला.

बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या. त्या बघण्याचं मी काय करू?

दुपारी पाळणा जोडून माजघराच्या तुळईला टांगला. आत्याबाईंनी त्यात गोधडी घातली, कडेनं झेंडू बांधले. सगळं घर खूष. आणि मी खोलीच्या दारातून त्या काळ्या आकड्याकडं टक लावून बसलेली. माझं डोकं एकाच जागी फिरत होतं. नसलेलं काढायचं नाही, असं तो मला म्हणाला होता. तेव्हा कुणी बघत नव्हतं, कुणाला खूष करायचं नव्हतं, मग खोटं कशाला बोलेल? आणि रेघ खोटी असती तर पुसताना त्याचा हात का कापला असता?

दौलतराव पाणी प्यायला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. "अवं, तेवढा आकडा बगा की."

"बगितला की मघाशी."

"पुन्यांदा बगा. माज्यासाटी."

माणूस भला. आई अंगणात आहे हे बघून ते घडवंचीवर चढले आणि आकड्याच्या वळणावरून बोट फिरवलं. "गुळगुळीत हाय. काय बी न्हाई."

"एकदा झोका दिऊन बगा."

ते घडवंचीवरून चटकन उतरले. "रिकामा पाळणा? खुळी का काय तू?"

तेही खरंच. रिकामा पाळणा हलवायचा नाही, पोराला बाधतं, हे मलाही आईनं लहानपणापासून शिकवलेलं. खेळता खेळता हात लागला तरी आम्ही मार खाल्लेला. रिकामा हलवायचा नाही, आणि भरलेला हलवायचा म्हणजे पोर आत घालायचं. मी चारी बाजूंनी कोंडले गेले होते.

दिवेलागणीला धीर करून आत्याबाईंजवळ गेले. "आत्याबाई, आकडा बदलूया का? नवा आणू आजऱ्यास्नं."

त्या तांदळातले खडे निवडत होत्या. हात थांबले, पण वर बघितलं नाही. "ज्या आकड्यावर तुजा दाल्ला, माजा दौलत, वाडला, त्यो आकडा खोटा व्हय? बदलला म्हंजे त्या मास्तराचं खरं झालं. बारशाच्या तोंडावर मी ते खरं करू?" मग आवाज खाली आला. "पयल्याला पाळणा लाभला न्हाई, सगुणा. ह्येला तरी लाभू दे."

मी पोराला घेऊन खोलीत परतले.

दुसऱ्या दिवशी माजघर बायकांनी भरलं. घुगऱ्यांचा वास, नव्या लुगड्यांचा वास, पाळण्याखाली पाट, पाटाभोवती रांगोळी. मला हिरवी साडी नेसवून, ओटी भरून पाळण्याजवळ बसवलं. पोर माझ्या मांडीवर, कुंची घातलेलं, जगाची फिकीर नसलेलं. मी सारखी वर बघत होते. "माळ्यावर काय हाय का गं?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या बगलांतून घाम निथळत होता.

रीतीप्रमाणं आधी वरवंटा निघाला. त्याला धुऊन, हळद-कुंकू लावून, इवलं टोपरं घालून बाळासारखा सजवला होता. दोन बायका पाळण्याच्या दोन्ही अंगांना बसल्या आणि वरवंटा पाळण्याखालून एकीनं दिला, वरून दुसरीनं परत केला. हे झालं की वरवंटा खाली ठेवायचा आणि पोराला पाळण्यात घालायचं. मग पोराच्या आत्यानं कानात नाव सांगायचं. माझी नणंद गुळाचा खडा तोंडात टाकून तयारच होती.

"आण ग पोराला," आत्याबाईंनी हात पुढं केले.

मी पोर घट्ट धरलं. माझ्या डोळ्यांसमोर नुसता तो वरवंटा होता, टोपरं घातलेला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आमच्या माहेरची एक रीत ऱ्हायली."

"कसली रीत?"

"वरवंट्याला पाळण्यात निजवत्यात. त्येला आदी झोका. एक पाळणा त्येच्यासाटी म्हणायचा, मग पोराला."

"आमच्यात तसलं काय न्हाई."

"पयल्याला ही रीत लाभली न्हाई," मी म्हणाले. "त्येचं काय झालं, तुमास्नी ठावं हाय."

माझ्या माहेरी असली कुठली रीत नव्हती. तिथल्या तिथं मी ती जन्माला घातली आणि माझ्या गेलेल्या पोराची शपथ घातल्यागत तिच्यावर त्याचं नाव टाकलं. पण ते ऐकल्यावर एकाही बाईची नाही म्हणायची छाती झाली नाही. एक म्हातारी म्हणालीच, "करून टाका. लेकराच्या बाबतीत किंतु नगं."

वरवंटा पाळण्यात निजला. आता पाळणा रिकामा नव्हता. बायकांनी गाणं धरलं, दोरी हलली. मागं, पुढं. मागं, पुढं. कड्या कुरकुरत होत्या, पोपट डोलत होते. काही झालं नाही. पोरी तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. "दगडाला झोप लागली का बगा की!"

गाणं संपलं.

"झालं समाधान?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या मांडीवरचं पोर उचललं. मी उचलू दिलं. एक बाई वरवंटा बाहेर काढायला वाकली. आत्याबाई पोराला घेऊन पाळण्याकडं वळल्या. कुंचीच्या झालरीखालून त्याचा तळवा लोंबत होता, गुलाबी, सुरकुतलेला.

"थांबा!" मी ओरडले. उठले, त्या बाईला बाजूला सारलं. "शेवटचा झोका आईचा."

आणि दोन्ही हातांनी पाळणा ढकलून दिला. बाळाच्या पाळण्याला कुणी देत नाही असा झोका. पाळणा पार भिंतीपर्यंत गेला. "अगं बया, ह्या पोरीला काय झालंय," कुणी तरी म्हणालं. पाळणा परत आला, माझ्या अंगावरून पुढं गेला आणि वर आवाज झाला. टक्. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.

मग सगळं खाली आलं. साखळ्या, झेंडू, दांडे. वरवंटा गोधडीसकट तळाची फळी फोडून गेला आणि खाली रांगोळीतल्या पाटाचे दोन तुकडे झाले.

पहिल्यांदा ओरडलं ते पोर, आत्याबाईंच्या हातात, आवाजाला दचकून. त्याचं रडणं ऐकलं आणि मी तिथंच तुटलेल्या फळ्यांत बसले आणि हात पसरले. आत्याबाईंनी पोर माझ्या ओटीत टाकलं.

आकड्याचा तुकडा पाळण्याखाली गडगडत गेला होता. आत्याबाईंनी तो उचलला, दाराच्या उजेडात नेला. मी बसल्या जागेवरून बघत होते. तुटलेल्या तोंडाची निम्मी बाजू आत्ता मोडलेली, चांदीसारखी चकचकीत. आणि निम्मी जुनी. तांबारलेली, गंजानं काळी पडलेली. कितीतरी वर्षांची.

बाहेर पुरुष धावत आले. आत्याबाई तुकडा हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"दौलत," त्या म्हणाल्या, "त्यो मास्तर कुटं गेलाय?"

"नदीपल्याडच्या शाळंत उतरलाय म्हणं."

"बोलवून आण त्येला. म्हणावं, रेघ परत काढ."

माझा नवरा कमी बोलतो हे मी सांगितलंच आहे. त्यानं तिथं जाऊन नेमकं एवढंच सांगितलं असणार, "आकडा तुटला. आईनं बोलावलंय." कारण माजगावकर आला तो सायकल अंगणात आडवी टाकून, अनवाणी, हातात ती कागदाची फळी. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. उंबऱ्यापाशी आला आणि पुढं पाऊल टाकेना. मोडक्या पाळण्याकडं बघून त्यानं ओठ हलवले, पण विचारायचं होतं ते काही त्याच्यानं विचारवलं नाही.

"हाय," मी आतून म्हणाले. "हाय मास्तर. दूद पितोय."

तो उंबऱ्यातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत्याबाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या. कुणाच्या समोर अशा खाली बसलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "काढ कागूद," त्या म्हणाल्या. "हुती तितं, हुती तशी रेघ काढ."

त्यानं फळीवरचं फडकं सोडलं आणि कागद त्यांच्याकडं फिरवला.

रेघ तिथंच होती. आकड्याच्या वळणावर, आतल्या अंगाला, केसाएवढी, तांबूस. काळा रंग पात्यानं खरवडून त्यानं ती पुन्हा काढली होती.

आत्याबाईंनी रेघेजवळ बोट नेलं. "कवा काढलीस?"

"कालच. तुमच्या गावाची वेस ओलांडली आणि आंब्याखाली बसून काढली. पुढं जाववेना."

"मग हितं का पुसलीस?"

त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला भ्यालो, मावशी."

आत्याबाईंच्या मुठीत आकड्याचा तुकडा अजून तसाच होता. त्यांनी तो उलटा-पालटा केला.

"मी बी भ्यालेच हुते रं," त्या म्हणाल्या. "ती रेघ मला खरी वाटली. म्हणून तर पुसाय लावली."

मग त्या उठल्या, माझ्या ओटीतून पोर उचललं आणि नाव ठेवायच्या आधीच नेऊन मास्तराच्या मांडीवर ठेवलं.